विद्युत् कताईचे आकारस्मृती तंतू

दिलेला तात्पुरता आकार थंडपणी टिकवून धरणारे आणि ठरावीक तापमानापर्यंत तापवल्यावर मूळ आकाराकडे परतणारे, बहुवारिकांपासून (पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचे पदार्थ) विद्युत् बलाने कातलेले अतिसूक्ष्म तंतू. त्यांची जाडी मायक्रोमीटरच्या काही दशांशांपासून काही मायक्रोमीटरपर्यंत असते. पॉलियुरेथेन, पॉलिकॅप्रोलॅक्टोन आणि पॉलिलॅक्टिक आम्ल ही यासाठी नेहमीची बहुवारिके.

रेणुसाखळ्यांना जागोजागी बांधणाऱ्या रासायनिक किंवा भौतिक गाठी मूळ आकार राखतात. गाठींमधल्या साखळ्या काचसंक्रमण तापमान (ज्याच्यावर काचेसारखा कडक पदार्थ मऊ होतो) किंवा द्रवणांक ओलांडताच मोकळ्या होतात. पॉलिकॅप्रोलॅक्टोनमध्ये हे सुमारे 60° से.ला घडते. त्या वेळी तंतू ताणून तसाच थंड केला, तर ताण आत गोठतो. पुन्हा तापवल्यावर साखळ्या अधिक एन्ट्रॉपीच्या (अव्यवस्थेच्या), गुंडाळलेल्या स्थितीकडे जातात आणि तंतू आखडतो.

कताईसाठी बहुवारिकाचे द्रावण सिरिंजच्या धातूच्या सुईतून सावकाश ढकलतात. सुई आणि संकलक (तंतू गोळा करणारा पृष्ठभाग) यांच्यात साधारण 10 ते 30 किलोव्होल्ट विभवांतर दिले की टोकावरचा थेंब शंकूसारखा ओढला जातो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी 1964 मध्ये त्याचे गणित मांडले, म्हणून तो टेलर शंकू. विद्युत् बल पृष्ठताणाला भारी पडले की शंकूतून धार सुटते, हवेत चाबकासारखे फटकारे घेत लांबते, विद्रावक उडून जातो आणि कोरडा तंतू संकलकावर बसतो. ही पद्धत जुनी आहे. अँटोन फॉर्महाल्स यांचे अमेरिकी पेटंट 1934चे आहे.

या तंतूंचा सर्वांत लक्षवेधी गुण कताईतूनच येतो. धार इतक्या झपाट्याने ताणली जाते, की सुकण्यापूर्वी साखळ्यांना सैल व्हायला पुरेसा वेळ मिळत नाही. त्यामुळे कोणीही मुद्दाम न ताणलेली तंतूंची चटईसुद्धा पहिल्यांदा तापवल्यावर आक्रसते. अस्फटिकी पॉलिलॅक्टिक आम्लाच्या काही चटया पाण्यात 37° से.लाही आक्रसतात, कारण पाणी शिरल्याने काचसंक्रमण तापमान उतरते. पेशी वाढवण्यासाठी केलेल्या चटईची छिद्रे अशाने बुजतात. आकार कितपत परतला हे मोजण्याआधी हा कताईतला ताण तापवून काढून टाकलेला बरा. नाहीतर दोन्ही आखडणी एकत्र मोजली जातात.

तंतूंच्या चटईत सिलिकोन रबर भरूनही आकारस्मृती साधते: रबर मूळ आकार सांभाळते, पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे तंतू थंड होताना स्फटिकरूप घेऊन तात्पुरता आकार धरतात. शरीराच्या तापमानाला जागे होणारे तंतू वापरून, वर जिवंत पेशी असतानाच, समांतर तंतूंची रचना बदलण्याचे प्रयोगही झाले आहेत. औषध हळूहळू सोडणे आणि जखमेची पट्टी या दिशांनीही संशोधन चालते. सच्छिद्र चटई परतताना फार जोर लावू शकत नाही, म्हणून जड भार हलवण्यासाठी ती उपयोगाची नाही.