ब्लँकेट वाटणं आणि मजुरी विचारणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी हायत

नाताळ जवळ आला की आमच्या पॅरिशच्या (चर्चच्या मंडळींच्या) ग्रुपवर मेसेज ठरलेला, 'यंदाचं सामाजिक न्यायाचं काम : ऊसतोड मजुरांना ब्लँकेट वाटप', आणि खाली सगळ्यांचे हात जोडलेले. दरवर्षी मी लिहितो की अहो ही सेवा झाली, न्याय नव्हे, आणि दरवर्षी कोणतरी विचारतंच, मग काय ब्लँकेट देऊ नको म्हणता? तसं म्हणत नाही हो. थंडी पडली की ब्लँकेट लागतंच, पण त्याला नाव तेवढं बरोबर द्या.

आधी किरकोळ घोळ उरकतो. कोल्हापुरात ख्रिस्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर वायल्डर मेमोरियल चर्च येतं, ती प्रोटेस्टंट मंडळी, आम्ही पोपला मानणारे कॅथलिक, संख्येनं थोडकेच. बास.

सेवा काय असते ते तुम्हाला सांगायची गरज नाही. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची बायबलातली गोष्ट पाठ आहे, सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी ही आमची कॅथलिक सेवासंस्था 1833 पासून गरिबाच्या दारात जातीय, आणि 2019 ला अन् परत 2021 ला पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा अख्ख्या कोल्हापुरानं जात-धर्म न बघता चपात्या लाटल्या. सेवा आपल्याला जमते, लई भारी जमते.

घोळ होतो तो पुढं. लोकांना वाटतं न्याय म्हणजे मोठी सेवा. शंभर ब्लँकेटं वाटली तर दान, हजार वाटली तर सामाजिक न्याय! आकड्याचा काही संबंध नाही. सेवेत मी माझं देतो आणि न द्यायची मुभा माझ्याकडं असते. न्यायात ज्याचं आहे ते त्याला मिळतं आणि 'यंदा जमणार नाही' म्हणायचा हक्क मला नसतो. हे काय मी मनानं सांगत नाही, सहावे पोप पॉल यांनी 1967 च्या पत्रात चौथ्या शतकातल्या संत अँब्रोजचा दाखला देऊन हेच मांडलंय, की गरिबाला देतोस ते तुझं नव्हतंच, त्याचंच त्याला परत करतोयस.

आता त्याच ऊसतोड मजुराच्या कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, जाऊन बघा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे माणसं दोन पण हिशोबात एक. मजूर आणणाऱ्या मुकादमाकडून आधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, ती फिटेपर्यंत फडातून हलता येत नाही, एक दिवस आजारी पडलं तर खाडा म्हणून पैसे कापले, ह्या खाड्याच्या धास्तीनं बीडकडच्या बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याचं तर आपण सगळ्यांनी पेपरात वाचलंय. ह्या बाईला मी ब्लँकेट दिलं तर तिची रात्र बरी जाईल, पण पुढच्या हंगामात ती परत त्याच उचलीवर, त्याच फडात, मी परत ब्लँकेट घेऊन हजर, आणि फोटोत दोघंही हसतोय. (फोटोचा तर मला भयंकर राग येतो. मदत घेताना माणसाला कॅमेऱ्याकडं बघायला लावू नका.)

कोण म्हणेल, तिनं स्वतःच्या मर्जीनं उचल घेतली की! तर 1891 साली तेरावे पोप लिओ यांनी नेमकं ह्याच बोलण्याला उत्तर दिलंय, की मजुरानं गरजेपोटी कमी मजुरी कबूल केली म्हणून ती न्याय्य ठरत नाही, ती त्याच्यावरची जबरदस्तीच आहे. सव्वाशेच्या वर वर्षं झाली आणि मिस्सा (चर्चमधली रविवारची उपासना) झाल्यावर चहा पिताना आपण अजून म्हणतोय 'त्यांना चालतंय ना, मग झालं'.

कोल्हापूरकराला तर हा फरक समजायला पोपसुद्धा लागू नये. शाहू महाराजांनी बोर्डिंगं काढली, गरीब पोरांच्या राहण्याखाण्याची सोय केली, पण तेवढ्यावर थांबले असते तर दानशूर राजे म्हणून पुतळा उभा राहिला असता आणि संपलं. 26 जुलै 1902 ला त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासांसाठी राखून ठेवल्या. ताटात घास वाढणं वेगळं आणि पंगतीत बसायची जागा देणं वेगळं, आणि जागा दिली की आधीपासून पसरून बसलेल्याला सरकावं लागतं. म्हणून तर आरडाओरडा झाला. ब्लँकेट वाटपावर कधी कोण चिडलेलं बघितलंय काय?

तेव्हा न्यायाचं काम करायचंच असेल तर पहिलं आपल्या दारात. चर्चची झाडलोट करणाऱ्या मावशींना किमान वेतन आहे काय, शाळेच्या शिपायाचा पीएफ भरला जातो काय. एका ठिकाणी मी हे विचारलं तर 'अहो त्या आपल्या घरच्यासारख्या आहेत' असं उत्तर आलं. घरच्यासारख्या म्हणजे पगार कमी, एवढाच अर्थ निघाला. तसंच लग्नाची स्थळं बघताना 'पूर्वीचे कोण', म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीची जात, विचारायची सवय. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळं दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत म्हणून आपण सरकारकडं बोट दाखवतो, ते बरोबरच आहे, पण चर्चच्या आत भेदभाव आहे हे भारतातल्या कॅथलिक बिशपांनी डिसेंबर 2016 च्या धोरणात स्वतःच कबूल केलंय, ते ग्रुपवर कोण फॉरवर्ड करत नाही.

शांतीचाही असाच घोळ, थोडक्यात सांगतो. जून 2023 ला कोल्हापुरात दंगा झाला, इंटरनेट बंद केलं, रस्ते गप्प झाले, ती शांतता. शांती म्हणजे ज्याचं दुकान फुटलं त्याला दुसऱ्या दिवशी शटर वर करताना शेजारी सोबत उभा दिसणं. पोप पॉल यांनी 1972 च्या 1 जानेवारीच्या संदेशात सांगितलं होतं की शांती पाहिजे तर न्यायासाठी राबा. आपण मात्र मेणबत्त्या लावून घरी येतो, मेणबत्ती मीही लावतो, पण ती लावून झाल्यावर शांतता कमिटीच्या बैठकीलाही जावं आणि तिथं तोंड उघडावं.

यंदाचं माझं म्हणणं एवढंच आहे की ब्लँकेटच्या टेम्पोतनं दोन-चार शिकलेली पोरं पण न्या. मजुरांचं रेशन गावाकडं अडकलेलं असतं, 'एक देश एक रेशन' मध्ये ते इथल्या दुकानात उचलता येतं, पण दुकानदाराशी बोलायला कोणतरी लागतं. मजुरांची लेकरं फडात फिरत असतात, शिक्षण हक्क कायद्यानुसार त्यांना वर्षाच्या मधेही जवळच्या झेडपी शाळेत प्रवेश मिळतो, फक्त हेडमास्तरांना भेटायला सोबत जायचं. आणि उचलीचा हिशोब कागदावर लिहून मागा म्हणावं, एक प्रत मजुराकडं. मुकादम तोंड वाकडं करेल. मागच्या वेळी ब्लँकेट उतरवून घ्यायला तोच पुढं आला होता.