रिकामी ग्रान व्हिया: ‘आब्रे लोस ओहोस’ची पार्श्वभूमी

काळा पडदा. गजराच्या घड्याळात भरून ठेवलेला बाईचा आवाज पुन्हा पुन्हा सांगतोय, “आब्रे लोस ओहोस”, डोळे उघड. चित्रपटाचा नायक सेसार उठतो, गाडी काढतो आणि माद्रिदच्या ग्रान व्हियावर येतो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तो गाडीतून उतरतो आणि घाबरून धावत सुटतो.

स्पॅनिश दिग्दर्शक आलेहान्द्रो आमेनाबारच्या १९९७ सालच्या या चित्रपटातलं बाकी सगळं विसरलं, तरी हा रिकामा रस्ता विसरत नाही. त्यात संगणकाची करामत नव्हती. ऑगस्टमध्ये अर्धं माद्रिद सुट्टीवर जातं. अशाच एका रविवारी भल्या सकाळी थोडा वेळ रस्ता अडवून हे चित्रण उरकलं.

या रस्त्याला ओस पाडण्याचा अर्थ माद्रिदकरांना सांगावा लागला नसेल. १९१० साली राजा तेराव्या आल्फोन्सोने चांदीच्या कुदळीने पहिला घाव घातला, मग शेकडो घरं आणि जुन्या गल्ल्या पाडून हा रस्ता निघाला. १९२९ साली तिथे टेलिफोन कंपनीची गगनचुंबी इमारत उभी राहिली, त्याच सुमारास चित्रपटगृहंही आली. स्पेनच्या यादवी युद्धात याच रस्त्यावर तोफगोळे पडत होते, तरी माणसांचा राबता थांबला नव्हता.

चित्रपटाच्या कथेचं मूळ मात्र त्याहून जुनं आहे. स्पॅनिश नाटककार काल्देरोन दे ला बार्काच्या सतराव्या शतकातल्या ‘ला विदा एस सुएन्यो’ (जीवन हे स्वप्न) या नाटकात मनोऱ्यात कोंडलेल्या राजपुत्राला, सेहिस्मुंदोला, गुंगीचं औषध देऊन राजवाड्यात आणतात. तो दांडगाई करतो, तेव्हा पुन्हा झोपवून कोठडीत टाकतात आणि सांगतात, ते सगळं स्वप्न होतं. आमेनाबार आणि सहलेखक मातेओ हिल यांच्या पटकथेत गुंगीच्या औषधाची जागा तंत्रज्ञानाने घेतली आहे. (चित्रपट पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबावं.) सेसारचा देह गोठवून ठेवलेला आहे आणि त्याला पैसे मोजून घेतलेलं स्वप्न दाखवलं जातंय. गोठवण्याची कल्पना हवेतली नव्हती. १९६७ सालीच कॅलिफोर्नियात एका प्राध्यापकाचा मृतदेह, पुढे कधीतरी जिवंत करता येईल या आशेवर, गोठवण्यात आला होता.

मला दोन नायकांमधला फरक फार मोलाचा वाटतो. सेहिस्मुंदो ठरवतो, स्वप्न असलं तरी चांगलंच वागायचं, स्वप्नातलं भलंही वाया जात नाही. सेसारला तेवढ्यावर राहवत नाही, त्याला जाग हवी आहे. त्यासाठी तो १९८८ साली पुऱ्या झालेल्या, १५७ मीटर उंच तोरे पिकासो या माद्रिदमधल्या इमारतीच्या गच्चीवर उभा राहतो. त्याला उंचीची भीती वाटते. तरीही तो उडी घेतो. पडदा काळा होतो आणि पुन्हा बाईचा आवाज येतो: “आब्रे लोस ओहोस.”