नाव होणं वेगळं, नाव निघणं वेगळं

पर्सनल ब्रँड हा शब्द आता लातूरच्या क्लासपासून वाळूजच्या एमआयडीसीपर्यंत सगळीकडं पोचलाय. जिथं पोचला तिथं त्याचा एकच अर्थ लावला जातो: आपला फोटो जास्तीत जास्त लोकांना दिसला पाहिजे. फोटो दिसून जे होतं त्याला मराठीत नाव होणं म्हणतात. ब्रँड म्हणजे नाव निघणं. "त्याचं लई नाव झालंय" आणि "असलं काम असलं की त्याचंच नाव निघतं" ही दोन वाक्यं बोलताना कुणी गोंधळत नाही. पण तोच माणूस फ्लेक्स छापायला गेला की दोन्ही एक करून बसतो.

नाव कसं होतं हे मराठवाड्यात कुणाला शिकवायची गरज नाही. वाढदिवसाचा फ्लेक्स, खाली शुभेच्छुकांचे तीस फोटो, गाडीच्या काचेवर आडनाव, मंडळाची वर्गणी, लग्नसराईत दिवसाला चार ठिकाणी हजेरी, आणि आता रील. यानं ओळख वाढते. त्याबद्दल वाद नाही.

गोंधळ नेमका कुठून आला तेही बघण्यासारखं आहे. ही सगळी रीत पुढाऱ्यांची आहे आणि पुढाऱ्यांना ती लागू पडते, कारण मतदान यंत्रावर उमेदवारांची नावं आधीच छापलेली असतात. मतदाराला नाव आठवायचं नसतं, समोरच्या यादीतून फक्त ओळखायचं असतं. चेहरा शंभर वेळा बघितलेला असला की बोट तिकडं जातं. मोटार रिवाइंडिंगवाल्यानं (जळालेल्या मोटारीत नवी तार भरणाऱ्यानं), सीएनं, क्लासवाल्यानं हीच रीत उचलली, पण त्यांच्या गिऱ्हाइकापुढं कुणी यादी धरत नाही. रात्रीच्या लायटीला ऊस भिजवताना पाण्यातली सबमर्सिबल मोटार जळाली तर शेतकऱ्याला नाव स्वतःच्या डोक्यातून काढावं लागतं. तिथं एका कामासाठी एक, फार तर दोन नावांची जागा असते.

फरक आहे तो दिशेचा. नाव झालेलं असेल तर नावावरून माणूस आठवतो. नाव निघत असेल तर कामावरून नाव आठवतं. पहिल्यावरून दुसरं आपोआप होत नाही, कितीही पैसे घातले तरी.

हे स्वतःच्या बाबतीत तपासायला एक दुपार पुरते. आपल्या गिऱ्हाइकाच्या वर्गातली दहा माणसं निवडा. भाऊबंद, मित्र आणि उधारीवाले सोडून. प्रश्न स्वतः विचारू नका, तोंडावर सगळे चांगलंच बोलतात. तिसऱ्या माणसाला विचारायला लावा. पहिला प्रश्न कामाचा: "सबमर्सिबल जळाली तर कुणाकडं टाकता?" दुसरा नावाचा: "अमक्याला ओळखता का?" हा क्रम उलटा झाला तर तपासणी वाया गेली, कारण नाव एकदा कानावर पडलं की पुढच्या उत्तरात तेच येतं. आता दोन आकडे बघा. दहातले नऊ ओळखतात आणि नाव एकच जण घेतो, तर अजून फ्लेक्स लावणं म्हणजे फुटक्या हौदात टँकर रिकामा करणं. उलट फक्त तिघं ओळखतात पण तिघंही कामाला तुमचंच नाव घेतात, तर तुमची बांधणी पक्की आहे. आता जाहिरातीवर पैसे घाला, ते फिटतील. बहुतेक लोक पहिल्या अवस्थेत असतात आणि दुसऱ्या अवस्थेचं औषध घेतात.

याच्याहून सोपी खूणही आहे: लोकांच्या फोनमध्ये तुमचा नंबर काय म्हणून सेव्ह आहे? आपल्याकडं नंबर सेव्ह करायची पद्धत मोठी बोलकी आहे. 'मोटारवाले मामा नेकनूर', 'रोटावेटर दादा', 'फॅब्रिकेशन शेंद्रा'. ज्याचा नंबर असा सेव्ह आहे त्याचा ब्रँड झालेला आहे, त्याला लोगो असो नसो. ज्याचा नंबर नुसता 'पाटील' म्हणून आहे त्याच्या आसपास अजून अकरा पाटील आहेत. मोटार जळाल्यावर माणूस फोनमध्ये 'मोटार' टाइप करून शोधतो. आडनाव आठवलं तर ठीक, नाहीतर ज्याच्या नावात 'मोटार' आहे त्याला फोन जातो, मग तो कामाला बरा असो की वाईट.

म्हणून नंबर देताना तोंडानं आकडे सांगू नका. स्वतःच्या फोनमध्ये स्वतःचा काँटॅक्ट नीट बनवून ठेवा, आधी काम, मग नाव, मग गाव, आणि तोच काँटॅक्ट व्हॉट्सॲपवर पाठवा. समोरचा आहे तसा सेव्ह करतो. दुसरा फायदा असा की व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, पण मेसेज पोचतो तो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. "हजार लोकांना पाठवलं, कुणी बघितलंच नाही" अशी तक्रार करणाऱ्यांचं निम्मं दुखणं इथंच असतं.

आता काम म्हणजे कोणतं काम, हा पुढचा अडथळा. 'येथे सर्व प्रकारची कामे केली जातील' ही पाटी बघितली की डोकं उठतं. सर्व प्रकारचं काम कुणाचंच कधी निघत नाही. पंखा बंद पडतो, मोटार जळते, स्टार्टर जातो. ज्या नावाला एकच खुंटी आहे ते त्या खुंटीला लटकून राहतं. लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात आणि परंपरेनं एकेका रस्त्याला एकेका मालाचा बाजार आहे. गूळ घ्यायला निघालेला माणूस सोळाही रस्ते फिरत बसत नाही. बाकीची कामं करू नका असं कुणी म्हणत नाही. पोटासाठी पंखेही भरा. पाटीवर, काँटॅक्टमध्ये आणि बोलण्यात मात्र एकच ठेवा.

ते एक काम निवडताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात: लोकांना ते वारंवार किंवा तातडीनं लागतं, ते तुम्हाला आसपासच्यांपेक्षा बरं जमतं, आणि ते गिऱ्हाइकाच्या शब्दात सांगता येतं. तिसरी अट सगळे विसरतात. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह इलेक्ट्रिकल सोल्युशन्स' असं कुणी फोनवर शेजाऱ्याला सांगत नाही. 'जळालेली मोटार भरून देतो' असं सांगतात. जे वाक्य दुसऱ्याच्या तोंडात बसत नाही ते पुढं सरकत नाही.

आणि ते वाक्य खरं ठरवायला कागद लागतो. मोटार परत देताना एक चिठ्ठी द्या: तारीख, किती एचपी, सिंगल की थ्री फेज, कशामुळं जळाली, भरल्यावर तिन्ही फेजला क्लॅम्प मीटरवर किती अँपिअर आले. जळण्याचं कारण लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं. एक फेज गेलेला असताना मोटार चालू राहिली की उरलेल्या फेजवर जास्त करंट येतो आणि वाइंडिंग करपतं. हे लिहून न देता मोटार दिली, शेतात तोच बिघाड कायम राहिला आणि पंधरा दिवसांत ती पुन्हा जळाली, तर दोष तुमच्या कामाला लागतो. म्हणजे नाव तेव्हाही निघतं, फक्त शिव्यांसोबत. 'उद्या या' हाही असाच रोग. उशीर होणार असेल तर गिऱ्हाईक निघायच्या आत फोन करा. तीस किलोमीटरवरून दुचाकीवर मोकळं परत गेलेला माणूस तुमची रील बघून शांत होत नाही.

नोकरदारांचंही हेच, फक्त इथं कामावरून शोधणारा एचआरवाला असतो. लिंक्डइनच्या मथळ्यात 220 अक्षरं मिळतात आणि वाळूज-चाकणची पोरं त्यात 'हार्डवर्किंग, पॅशनेट, सीकिंग अपॉर्च्युनिटीज' लिहून मोकळी होतात. पॅशनेट माणूस कुणी शोधत नाही. 'व्हीएमसी सेटर-प्रोग्रामर, फानुक आणि सीमेन्स कंट्रोल, ॲल्युमिनियम ऑटो पार्ट' असं लिहा, म्हणजे कोणतं मशीन, कोणत्या कंपनीचा कंट्रोल आणि कोणता माल. यातला प्रत्येक शब्द भरती करणारा खरोखर टाइप करतो. अनुभवात 'प्रॉडक्शन बघितलं' याऐवजी कोणता पार्ट, सेटिंगला आधी किती मिनिटं लागायची, नंतर किती, हे टाका. आकडा फुगवू नका. मुलाखतीत मशिनसमोर उभं केलं की पाच मिनिटांत कळतं.

क्लासवाल्यांच्या फ्लेक्सबद्दल दोन वाक्यं बोलल्याशिवाय राहवत नाही. चाळीस चेहरे, त्यांचे गुण, आणि एकूण किती मुलं बसली होती याचा पत्ता नाही. शंभरातले चाळीस आणि चार हजारांतले चाळीस यांचा फ्लेक्स अगदी सारखाच दिसतो. शिवाय नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. विद्यार्थ्याचा फोटो वापरायला निकालानंतर घेतलेली लेखी संमती लागते, आणि त्यानं कोणता कोर्स, किती काळ केला होता तेही सांगावं लागतं. फक्त टेस्ट सिरीज लावलेल्या पोराला 'आमचा विद्यार्थी' म्हणून मिरवायचे दिवस कायद्यानं तरी संपलेत. ज्याला नाव निघायला हवंय त्यानं एवढंच सांगावं: बायोलॉजी की फिजिक्स, रिपीटर की रेग्युलर, आणि बॅच कितीची.

जाहिरातीशिवाय नाव निघतच नाही म्हणणाऱ्यांनी कोर्टात एक चक्कर मारावी. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणं वकिलाला जाहिरात करून काम मागता येत नाही. डॉक्टरांनाही रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरातबाजी करायला आचारसंहितेत मनाई आहे. तरी जमिनीच्या वाटणीचा दावा म्हटलं की तालुक्यात एक नाव निघतं, आणि हाड मोडलं की दुसरं.

लोगो, रंग, व्हिजिटिंग कार्डाचा जाड कागद ही किरकोळ गोष्ट. वाचता येईल एवढा मोठा फोन नंबर असला की झालं. नावाच्या नोंदणीचा घोळ मात्र महाग पडतो. उद्यम नोंदणी केली किंवा शॉप ॲक्ट काढला म्हणजे दुकानाचं नाव आपलं झालं, हा गैरसमज. त्या नावावर हक्क हवा असेल तर ट्रेडमार्क वेगळा, माल किंवा सेवेच्या दर वर्गाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्तीसाठी 4500 रुपये, मुदत दहा वर्षं, पुढं नूतनीकरण. नोंदणी मिळण्याआधी नावापुढं गोलातला आर लावायचा नसतो. एकट्या कारागिरानं यात पैसे घालायची घाई करू नये. दुकान दुसऱ्या गावात निघेल तेव्हा बघता येईल.

गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल मात्र आजच काढा, ते फुकट आहे आणि तिथंही शोध कामावरूनच होतो. मुख्य प्रकार एकच निवडायचा असतो, जोडीला आणखी नऊ देता येतात. तो मुख्य प्रकार म्हणजे तुमची खुंटी. नावाच्या रकान्यात मात्र पाटीवर आहे तेवढंच नाव. तिथं 'बेस्ट मोटार रिवाइंडिंग बीड स्वस्त' असं कोंबलं तर प्रोफाइल बंद होऊ शकतं. रिव्ह्यू मागायला हरकत नाही, पण त्याबदल्यात सूट देणं नियमात बसत नाही. गिऱ्हाइकाला 'पाच स्टार द्या' म्हणू नका, 'काय काम केलं तेवढं लिहा' म्हणा. नुसत्या पाच ताऱ्यांवरून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. 'साडेसात एचपीची मोटार दुसऱ्या दिवशी दिली' यावरून सगळं कळतं.

कामाच्या नंबरावर राजकारणाचं स्टेटस ठेवू नका. सध्या आपल्याकडं हवा कशी आहे ते सांगायला नको, आणि मोटार दोन्ही बाजूंच्या शेतात जळते. घरचा नंबर वेगळा ठेवा, तिथं काय ते घाला. आणि कामाचा नंबर काहीही झालं तरी बदलू नका. स्वस्त प्लॅनसाठी सिम बदललं की शेकडो फोनमधला 'मोटारवाले मामा' एका दिवसात मरतो. कंपनी बदलायची असेल तर 1900 वर पोर्टचा मेसेज टाकून तोच नंबर घेऊन जा, आणि तो मेव्हण्याच्या नावावर असेल तर आधी आपल्या नावावर करून घ्या.