तिकीट एक की दोन? कनेक्टिंग फ्लाइट आणि सेल्फ ट्रान्सफर

"मामा, बुकिंग तर एकच होतं की!" भाच्यानं मोबाईल माझ्या पुढ्यात धरला. स्क्रीनवर मुंबई ते हॅम्बुर्ग, मध्ये आखातातल्या एका विमानतळावर चार तासांचा थांबा. बुकिंग आयडी एक, रक्कम एक, ओटीपीही एकदाच आलेला. त्याच्या जागी मी असतो तर मलाही ते एकच बुकिंग वाटलं असतं.

झालं असं. मुंबईचं विमान अडीच तास उशिरा पोचलं. चारातून अडीच गेले, उरला दीड तास. दुसऱ्या कंपनीचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होणार, म्हणजे हातात अर्धा तास. तेवढ्यात इमिग्रेशनची रांग, बेल्टवरून बॅग आणि पुन्हा बाहेरून चेक-इन. चटणी-चिवड्यानं फुगलेली तेवीस किलोची बॅग ढकलत तो पोचला तेव्हा काउंटरवरचा माणूस पाटी फिरवत होता. दुसरी कंपनी म्हणाली, तुम्ही वेळेत आलाच नाहीत. पहिली म्हणाली, आमचं तिकीट इथपर्यंतच, आणि इथपर्यंत आम्ही आणलं. दोघीही नियमानं बरोबर! बुकिंगच्या वेळी नऊ हजार वाचले होते, ऐनवेळच्या तिकिटाला एकेचाळीस हजार गेले.

त्यानं घेतलं होतं ते कनेक्टिंग तिकीट नव्हतं, ते सेल्फ ट्रान्सफर होतं. वेबसाइटवर दोन्ही सारखीच दिसतात: दोन विमानं, मध्ये थांबा. फरक पडतो तो पहिलं विमान लेट झाल्यावर.

कनेक्टिंग तिकिटात कंपनी तुम्हाला शेवटच्या मुक्कामापर्यंत न्यायचा करार करते. पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढच्या विमानात जागा देणं हे तिचं काम, आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. बॅगेला शेवटच्या गावाचा टॅग लागतो, मधे तिच्याकडे बघावं लागत नाही. सेल्फ ट्रान्सफरमध्ये दोन स्वतंत्र करार असतात आणि मधली जोडणी तुमची तुम्ही केलेली असते. बॅग उचलायची तर बहुतेक ठिकाणी त्या देशात रीतसर शिरावं लागतं, म्हणजे तिथला व्हिसाही लागू शकतो. हा व्हिसाचा मुद्दा तिकीट काढताना कुणाच्या डोक्यात नसतो.

आपल्या रेल्वेची सवय इथं उलटी अंगाशी येते. १ एप्रिल २०१९ पासून रेल्वेत दोन पीएनआर जोडता येतात. कोल्हापूरची गाडी लेट झाली आणि मिरजेत पुढची चुकली, तर अटींत बसत असल्यास पुढच्या तिकिटाचे पैसे कपातीशिवाय परत मिळतात. विमानात दोन वेगळी तिकिटं मागाहून अशी जोडता येत नाहीत. काउंटरवरच्या भल्या माणसानं बॅगेला पुढचा टॅग लावून दिला, तरी तिकिटं दोनच राहतात.

मग ओळखायचं कसं? बरेच जण सांगतात, पीएनआर बघा; एक असेल तर एक तिकीट. हे अर्धंच खरं आहे. एका तिकिटावर दोन कंपन्यांची विमानं असली की प्रत्येक कंपनी आपल्या सिस्टीममध्ये आपला सहा अक्षरी पीएनआर देऊ शकते. पीएनआर दोन, तिकीट मात्र एकच. उलट बुकिंग साइटचा आयडी एक आणि आत तिकिटं दोन, हे भाच्याचंच उदाहरण. खरी खूण ई-तिकिटाच्या नंबरात असते. तो तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे. एअर इंडियाचे ०९८. जातानाच्या दोन्ही विमानांपुढे तोच तेरा आकडी नंबर असेल तर निश्चिंत राहा. एका तिकिटात चारच प्रवास बसतात, त्यामुळे जाऊन-येऊन पाच-सहा विमानं असली की लागोपाठचे दोन नंबर येतात. तेही एकच तिकीट धरलं जातं. स्वस्तातल्या काही कंपन्या असा नंबर देतच नाहीत. तिथं पैसे भरायच्या आधीच्या पानावर बारीक अक्षरात 'सेल्फ ट्रान्सफर' लिहिलंय का ते शोधायचं. हे शब्द ठळक करायची कुणालाच घाई नसते.

एक तिकीट म्हणजे सगळा आराम, असंही नाही. प्रत्येक विमानतळावर जोडणीसाठी लागणारी किमान वेळ ठरलेली असते आणि कंपन्या त्याखाली जोडतिकीट विकत नाहीत. पण ती किमान वेळ म्हणजे निवांत वेळ नव्हे. फ्रँकफर्टला ती ४५ मिनिटं आहे, व्हिएन्नाला अवघी २५. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला ४५ मिनिटांत पुन्हा सिक्युरिटी पार करून दुसऱ्या टोकाच्या गेटवर पोचवायचं असेल तर मी ते तिकीट घेत नाही, व्हीलचेअर सांगितलेली असली तरी. अमेरिकेत तर तिकीट एक असूनही पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन होतं आणि सहसा बॅग उचलून परत द्यावी लागते. परतीला मुंबईत उतरून देशांतर्गत विमान पकडतानाही कस्टम्ससाठी तेच. लंडन आणि इस्तंबूलला याहून मोठी गंमत: उतरायचं एका विमानतळावर आणि पुढचं विमान गावाच्या दुसऱ्या टोकाच्या विमानतळावरून. वेळ बघण्याआधी विमानतळाचं नाव वाचा.

एका तिकिटाची आणखी एक अट आपल्या भागातल्या लोकांना हमखास नडते. समजा कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून मुंबईमार्गे परदेशापर्यंत एकच तिकीट आहे. आदल्या रात्री कुणीतरी म्हणतं, पोरगा गाडी घेऊन मुंबईला चाललाय, बसा की त्याच्यातनं. बसलात तर पहिल्या विमानात तुमची गैरहजेरी लागते आणि पुढची सगळी विमानं, परतीसुद्धा, आपोआप रद्द होतात. मुंबईच्या काउंटरवर मग कितीही हुज्जत घाला. दोन वेगळ्या तिकिटांत हा धोका नसतो, पहिलं सोडलं तरी दुसरं शाबूत. सेल्फ ट्रान्सफरची मला दिसणारी खरी सोय ही एवढीच, आणि मधे मुद्दाम दोन दिवस राहायचं असेल तर ती.

भरपाईतही हाच फरक नडतो. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम एका बुकिंगचा प्रवास सलग धरतो. युरोपातून निघालेलं एकसंध तिकीट असेल, कंपनीच्या चुकीनं जोडविमान चुकलं आणि शेवटच्या मुक्कामी तीन तासांहून जास्त उशीर झाला, तर लांब पल्ल्याला ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. हवामानासारखं कारण असेल तर नाही. मुंबईहून युरोपला जाताना हा नियम युरोपीय कंपनीच्या विमानालाच लागतो. दोन तिकिटांत प्रत्येक विमानाचा उशीर वेगळा मोजला जातो. पहिलं दोन तास लेट आणि दुसरं चुकलं, तर या नियमाच्या लेखी फारसं काही झालेलंच नाही.

पहिलं विमान लेट होतंय हे कळल्यावर करायच्या गोष्टीही वेगळ्या. एक तिकीट असेल तर आत विमानातच क्रूला सांगा, उतरल्यावर ट्रान्सफर डेस्क गाठा, बाहेर पडू नका. पुष्कळदा तुम्ही उतरेपर्यंत नवं बोर्डिंग कार्ड तयार असतं. दोन तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीला उड्डाणाआधी फोन किंवा अ‍ॅपवरून कळवा, तारीख बदलून मिळते का बघा. वेळ टळली की गैरहजेरी, आणि मग हाती फारसं लागत नाही. आपल्या देशातल्या कंपन्यांनी न वापरलेल्या तिकिटावरचे कर आणि विमानतळ शुल्क परत द्यावं, असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे, स्वस्तातल्या तिकिटालाही. हे पैसे मागणारे थोडेच. प्रवास विम्यातलं 'मिस्ड कनेक्शन' कलम दोन तिकिटांना लागू आहे का, हे पॉलिसी घेतानाच विचारा. किती तासांचं अंतर हवं तेही त्यातच लिहिलेलं असतं.

तरीही कोल्हापूरकरांच्या प्रवासातला एक तुकडा बहुतेकदा सेल्फ ट्रान्सफरच असतो: घर ते मुंबई, पावणेचारशे-चारशे किलोमीटर. रात्रीची बस खंबाटकी घाटात अडकली तर कुठली विमान कंपनी थांबणार? ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुण्या-मुंबईकडं जाणारी वाट काही दिवस बंदच होती. भाचा आता जुलै-ऑगस्टमध्ये यायचा-जायचा असला की विमानाच्या दोन दिवस आधी डोंबिवलीला मावशीकडं जाऊन बसतो. मावशी वैतागते, पण आमटी-भात घालते.