पेटोसिरिसचे थडगे

मध्य ईजिप्तमधील तूना अल-गबल येथील एका पुरोहिताचे रंगीत शिल्पांकित थडगे. काळ इ. स. पू. 300 च्या आसपास. मिन्या प्रांतातले हे वाळवंटी ठिकाण म्हणजे हर्मोपोलिस (आजचे अल-अश्मूनैन) या नगरीची दफनभूमी. पेटोसिरिस हा तेथील थोथ या विद्येच्या देवाचा प्रमुख पुरोहित. त्याच्या नावाचा अर्थ ‘ओसायरिसने दिलेला’, म्हणजे आपल्या ‘देवदत्ता’सारखे नाव.

बाहेरून ही वास्तू थडगे वाटतच नाही. लहानसे देऊळच वाटते. दर्शनी बाजूस चार खांब, आत आडवा मंडप आणि त्यामागे चौकोनी दालन. त्या दालनातून खोल विहिरीसारखा खड्डा खाली दफनाच्या खोल्यांकडे उतरतो. आतले दालन पेटोसिरिसने वडील सिशू आणि थोरला भाऊ यांच्या स्मरणार्थ सजवले. येथे अंत्ययात्रा, देवता आणि दानवस्तू घेऊन येणाऱ्यांच्या रांगा अशी परंपरागत ईजिप्शियन मांडणी आहे.

खरे नवल मंडपात आहे. नांगरणी, कापणी, द्राक्षे तुडवणे, धातूची भांडी घडवणे, सुतारकाम हे विषय ईजिप्तच्या थडग्यांत दोन हजार वर्षे कोरले जात होते, पण येथली माणसे ग्रीक वेषात आहेत. त्यांचे अंग वळते, चेहरे बाजूला झुकतात, कपड्यांना चुण्या पडतात. अलेक्झांडरने देश जिंकल्यानंतरच्या काळाची ही खूण. कारागीर ग्रीक होते की ग्रीक रीत शिकलेले ईजिप्शियन, हा प्रश्न त्यामानाने गौण. जुन्या विषयाला नवे अंग देताना त्यांचा हात कुठे अडलेला दिसत नाही. लाल, पिवळा, निळा हे रंग चुनखडकातील उठावावर अजून बऱ्याच ठिकाणी टिकून आहेत. सुतारकामाच्या दृश्यात एकजण पट्टा ओढून लाकूड फिरवतो आणि दुसरा त्यावर हत्यार धरतो. लेथचे हे सर्वांत जुने ज्ञात चित्र मानले जाते.

भिंतींवरच्या लेखांत पेटोसिरिस आत्मचरित्रही सांगतो. देशावर परकी राजा होता, दक्षिणेत गोंधळ आणि उत्तरेत बंड माजले होते, देवळे ओस पडली होती. अशा वेळी आपण सात वर्षे थोथच्या देवळाचा कारभार पाहिला आणि सर्व पूर्ववत केले, असे तो म्हणतो. या परकी राजाचा संबंध सहसा दुसऱ्या इराणी अंमलाशी (इ. स. पू. 343–332) लावला जातो. आत्मस्तुतीचा भाग वगळला, तरी धामधुमीच्या काळाकडे देवळाच्या कारभाऱ्याच्या नजरेतून पाहायला मिळते, हे या लेखाचे मोल.

थडगे प्राचीन काळीच लुटले गेले. 1919 च्या अखेरीस ते उजेडात आले आणि फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ग्यूस्ताव्ह लफेव्र यांनी उत्खनन केले. रंगीत काचेची चित्राक्षरे जडवलेली पेटोसिरिसची लाकडी शवपेटी कैरोच्या संग्रहालयात गेली. मृत्यूनंतरही त्याची कीर्ती राहिली होती: येथे आलेल्या ग्रीक यात्रेकरूंनी भिंतींवर मजकूर खरडला आहे. त्यांपैकी एकाने लिहिले आहे की, पेटोसिरिसचा देह मातीखाली असला, तरी आत्मा देवांच्या संगतीत आहे.