कंपनी बुडाली तर विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचं काय? : पार्श्वभूमी

परवाना देणारी कंपनी दिवाळखोरीत गेली तर परवाना घेणाऱ्याचं काय, या प्रश्नावरचा सगळ्यात गाजलेला निकाल सॉफ्टवेअरबद्दल नव्हताच. तो होता धातूवर लेप चढवायच्या तंत्राबद्दल. अमेरिकेतल्या रिचमंड मेटल फिनिशर्स या कंपनीने १९८२ मध्ये लुब्रिझॉल कंपनीला हे तंत्र वापरायचा परवाना दिला. पुढच्याच वर्षी रिचमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि हा करार आम्हाला डोईजड होतो, तो मोडू द्या, अशी मागणी केली. १९८५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती मान्य केली. लुब्रिझॉलने हवं तर नुकसानभरपाई मागावी, पण तंत्र वापरायचा हक्क संपला!

या निकालाने सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपन्यांचं धाबं दणाणलं, कारण त्यांचा सगळा कारभार परवान्यांवरच उभा होता. त्याला फार वर्षं झाली नव्हती. जून १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरला वेगळी किंमत लावायचं जाहीर केलं, त्याआधी प्रोग्रॅम यंत्राबरोबरच यायचे, अनेकदा सोर्स कोडसकट, म्हणजे माणसाला वाचता आणि बदलता येणाऱ्या मूळ मजकुरासकट. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला, तेव्हा त्यांच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने उचलली आणि कामं चालू राहिली. यंत्र उघडून दुरुस्त करता येत होतं. पण १९८३ मध्ये आयबीएमनेच सोर्स कोड हातचा राखायचं धोरण जाहीर केलं आणि इतरांचीही वाट तीच होती. प्रोग्रॅम बिघडला तर तो दुरुस्त करू शकणारा जगात एकच, तो बनवणारा.

अमेरिकी संसदेने १९८८ मध्ये दिवाळखोरी कायद्यात ३६५(एन) हे कलम घातलं. परवाना देणारा बुडाला तरी घेणाऱ्याला ठरलेले पैसे भरत राहून मुदत संपेपर्यंत वापर चालू ठेवता येईल, असं त्यात आहे. त्यामुळे एस्क्रो करारालाही बळ मिळालं. एस्क्रो म्हणजे सोर्स कोड तिऱ्हाइताकडे ठेवायचा आणि कंपनी बुडाली की त्याने तो ग्राहकाच्या हवाली करायचा. कागदावर चोख व्यवस्था. पण ठेवलेला कोड चालू आवृत्तीचा आहे का, त्यातून प्रोग्रॅम पुन्हा उभा राहतो का, हे तपासायची तसदी सगळेच घेत नाहीत. शिवाय हा बड्या गिऱ्हाइकांचा खेळ. भारताच्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत ३६५(एन)सारखं कलम नाही, त्यामुळे करारात काय लिहून घेतलंय त्यावरच भिस्त.

छोट्या वापरणाऱ्याला कोर्ट नाही, एस्क्रो नाही. त्याच्या हातात होता ‘लॉक’. नव्वदच्या दशकात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, करणाऱ्यांना तो नीट आठवत असेल. मराठी फॉन्टची महागडी पॅकेजं अशा लॉकसकट यायची. काडेपेटीएवढी डबी, कॉम्प्युटरच्या मागे २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टवर बसवायची, दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळायचे आणि तिच्या पाठीला प्रिंटरची केबल. लॉक सापडला नाही की मराठी टायपिंग ठप्प. तो जळाला किंवा हरवला तर पैसे भरल्याचं बिल दाखवून बदलून घ्यायचा, म्हणजे बदलून देणारी कंपनी जाग्यावर हवी. पुढे नव्या मशीनवरून तो पोर्टच गायब झाला. एखाद्या पॅकेजसाठी विंडोज ९८ चं जुनं मशीन कोपऱ्यात जपून ठेवणारे प्रेस होतेच.

मराठीत दुखणं दुहेरी होतं. प्रत्येक कंपनीने अक्षरांची जागा आपापल्या मर्जीने ठरवलेली, त्यामुळे तो फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसे. त्यात पानं लावलेली पेजमेकरमध्ये. पेजमेकर १९८५ मध्ये ऑल्डस कंपनीने आणलं, १९९४ मध्ये ऑल्डसच अडोबीच्या पोटात गेली, २००१ मध्ये ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती आली आणि २००४ मध्ये विकास थांबला. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराची जागा सगळीकडे एकच ठरवणारी पद्धत, त्यात कधीच आलं नाही. त्या फायली थेट उघडणारं इनडिझाइन, म्हणजे अडोबीचंच पानं लावायचं दुसरं सॉफ्टवेअर, सीएस६ या आवृत्तीपर्यंतचंच, पुढच्या सीसी आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. आणि सीएस६ नव्या मशीनवर टाकायचं तर अॅक्टिव्हेशन, म्हणजे प्रत अस्सल असल्याची खात्री करून ती चालू करून देणं, अडोबीच्या सर्व्हरकडून! जुन्या दिवाळी अंकाची फाइल उघडायला किती जणांची मर्जी राखावी लागते, बघा.

माझ्या मते खरा फरक या अॅक्टिव्हेशनने पडला. २००१ च्या विंडोज एक्सपीने ते घरोघरी पोहोचवलं. लॉकच्या जमान्यात कंपनी बुडाली तरी लॉक शाबूत आहे तोवर काम निघायचं. आता कंपनीचा सर्व्हर जिवंत लागतो. अडोबीने सीएस२ या फोटोशॉपसकट येणाऱ्या आपल्या जुन्या संचाचा अॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केला आणि जानेवारी २०१३ मध्ये जुन्या गिऱ्हाइकांसाठी अॅक्टिव्हेशन न लागणारी प्रत सीरियल नंबरसकट साइटवर ठेवली. फोटोशॉप फुकट मिळतंय म्हणून झुंबड उडाली, शेवटी कंपनीला खुलासा करावा लागला. पण कंपनी धडधाकट होती म्हणून तशी प्रत तयार करायला कुणीतरी होतं. बुडालेल्या कंपनीत हे काम करणार कोण?

त्याच वर्षी मे महिन्यात अडोबीने यापुढे फक्त भाडेपट्टी असं जाहीर केलं. २०१६ पासून आराखडे काढायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ऑटोडेस्कनेही कायमचे परवाने विकणं बंद केलं. आता तर कंपनी बुडायचीही गरज उरलेली नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले असताना ईमेल बंद. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली.

उलट टोकाची उदाहरणंही आहेत. नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीचं क्यूटी हे प्रोग्रॅम बनवायचं साधन वापरून केडीई हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प उभा होता. ट्रोलटेकने १९९८ मध्ये केडीईवाल्यांशी करारच केला, की क्यूटीची मुक्त आवृत्ती काढणं आम्ही थांबवलं तर तुमच्या प्रतिष्ठानाने ती खुली करावी. नेदरलँड्समध्ये ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर बनवणारी नॅन कंपनी २००२ मध्ये बंद पडली, तेव्हा गुंतवणूकदार एक लाख युरो घेऊन कोड सोडायला तयार झाले. ब्लेंडरचे जनक टोन रोझेंडाल यांनी लोकांकडे पैसे मागितले, सात आठवड्यांत रक्कम जमली आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर खुलं झालं.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ७ नोव्हेंबर २०२३ च्या निर्देशांत बँकांना महत्त्वाच्या प्रणालींचा सोर्स कोड विक्रेत्याकडून घ्यायला सांगितलं, आणि तो मिळत नसेल तर एस्क्रो किंवा तत्सम सोय करायला. १ एप्रिल २०२४ पासून ते लागू आहेत. प्रेसवाल्यासाठी असा निर्देश कुणी काढलेला नाही. तो अंक छापून झाला की पीडीएफ करून ठेवतो आणि मजकूर युनिकोडमध्ये फिरवून घेतो.