पार्श्वभूमी : खान्देशातल्या बायका आणि संरक्षणाचे कायदे

आज नंदुरबारात असलेला शहादा-तळोद्याचा पट्टा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. १९७२ साल, वर दुष्काळ. भिल्ल सालदार (वर्षाच्या करारावर राबणारे शेतगडी) आणि मजूर अंबरसिंग सुरतवंती यांच्या मागे गोळा झाले, श्रमिक संघटना उभी राहिली. मागण्या जमिनीच्या, मजुरीच्या. पण संघटनेच्या शिबिरांत बायका बोलायला लागल्या आणि दारूचा विषय निघाला. नवरा मजुरी पितो, वर मारतो. मग बायकांचे जथे गावोगाव फिरले, भट्ट्यांवरची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत जाब विचारला. घरातल्या मारहाणीसाठी वेगळं कलम देशात तेव्हा नव्हतंच. हुंडाबंदीचा १९६१चा कायदा होता, तोही कागदावर. महाराष्ट्रातल्या स्त्री चळवळीचा इतिहास सांगताना शहाद्याच्या या बायकांना पहिल्या पानावर जागा द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

त्याच १९७२ साली पूर्वेकडे, चंद्रपूर जिल्ह्यात, एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच बलात्कार झाला. ते मथुरा प्रकरण. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं, देशभर संताप उसळला आणि १९८३मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. विवाहितेच्या छळाचं भारतीय दंड संहितेतलं ४९८-अ हे कलमही त्याच वर्षीचं. हुंडाबळीचं कलम १९८६मध्ये आलं.

राज्य महिला आयोगाचा कायदा १९९३चा, पहिलं महिला धोरण १९९४चं. त्याच १९९४मध्ये जळगावचं प्रकरण उघडकीला आलं. मुलींना जाळ्यात ओढून धमकावणारी, त्यांचं शोषण करणारी टोळी, आणि आरोपींत राजकीय वजन असलेली माणसं. पोलीस अधिकारी मीरा बोरवणकर यांनी तपास केला. पण बदनामीच्या भीतीने तक्रारी पुढे येईनात, साक्षी फिरल्या, बरेच आरोपी सुटले. कोर्टात उभ्या राहणाऱ्या मुलीच्या पाठीशी सरकारने शेवटपर्यंत कसं थांबायचं, याची काहीच व्यवस्था नव्हती. पीडितांना आर्थिक मदत आणि समुपदेशन देणारी मनोधैर्य योजना यायला २०१३ उजाडलं.

४९८-अने नवऱ्याला अटक होई, पण बाईच्या डोक्यावर छप्पर राहत नसे. ती उणीव कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याने भरून काढली. तो २६ ऑक्टोबर २००६पासून लागू आहे. त्यात घरात राहण्याचा हक्क आहे, खर्चाची रक्कम आहे, संरक्षणाचा आदेश आहे. या कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी बाईसमोर बसून नमुना १, म्हणजे हिंसेच्या घटनेचा अहवाल, भरतो: मारहाण कधी झाली, शिवीगाळ काय केली, पैसे अडवले का, स्त्रीधन कोणाकडे आहे. अर्जावर पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात या अधिकाऱ्याला हे काम इतर कामांचा बोजा सांभाळून करावं लागतं आणि तारखांवर तारखा पडत जातात.

सातपुड्यात आणखी एक हिंसा आहे. घरात कोणी आजारी पडलं, गुरं मेली, की एखाद्या बाईला डाकीण ठरवायचं. बहुधा ती विधवा असते किंवा तिच्या नावावर जमीन असते. मारहाण होते, गाव सोडावं लागतं, जीवही जातो. अशा अंधश्रद्धांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. कोणी करणी करतो, असं जाहीर करून त्याचं जगणं नकोसं करणं हा आता गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. जातपंचायतीने वाळीत टाकलं तर २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, आणि असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य.

त्यानंतर बलात्काराला फाशीपर्यंत शिक्षा देणारं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१मध्ये विधिमंडळाने मंजूर केलं, पण राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. जुलै २०२४पासून ४९८-अची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ने घेतली. सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीच्या पाड्यावरच्या बाईला मात्र कलमाचा आकडा बदलून काही फरक पडत नाही. तिला घाट उतरून नंदुरबारला न जाता, तिची बोली समजणारा आणि फक्त हेच काम करणारा संरक्षण अधिकारी तालुक्याला हवा आहे.